जादूची नळी आणि कोळशाची मोटार

पेट्रोलचा भाव चढला की दोन गोष्टी हमखास होतात. घरोघरी गाडीच्या अ‍ॅव्हरेजची चर्चा सुरू होते, आणि ते अ‍ॅव्हरेज वाढवून देणारी यंत्रं बाजारात येतात. पेट्रोलच्या नळीला बांधायचं लोहचुंबक, हवेच्या वाटेत बसवायचा पत्र्याचा पंखा, टाकीत टाकायची गोळी, आणि हल्ली स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायची डबी. "घ्यावं का?" असं आमच्या भाच्या-पुतण्यांपैकी दोघातिघांनी मला विचारलं. मी इतिहासाचा मास्तर, मेकॅनिक नव्हे! पण या प्रश्नाला चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला की उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

सुरुवात करू अमेरिकेतल्या फोर्ड मॉडेल टी पासून. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटी निघाल्या. स्वस्त, दणकट आणि अगदी साधी गाडी. पेट्रोल किती उरलंय ते पाहायला टाकीत काठी बुडवायची! इंजिनात पाणी खेळवायला पंप नाही. गरम पाणी वर चढतं, गार खाली उतरतं, एवढ्यावर काम चाले. साहजिकच अशा उणिवा भरून काढणाऱ्या वस्तूंचा मोठा बाजार उभा राहिला. त्यात अस्सल मालही होता. लुई आणि आर्थर शेवरोले या भावांच्या कारखान्याने या इंजिनासाठी 'फ्रॉन्टेनॅक' नावाचं सिलिंडर हेड काढलं. तसं हेड बसवलेली एक फोर्ड १९२३ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पाचवी आली.

हँडल मारण्याची कटकट संपवणारा विजेचा स्टार्टर चार्ल्स केटरिंगने तयार केला. कॅडिलॅकने तो १९१२ च्या गाड्यांत दिला, फोर्ड कंपनी १९१९ पासून देऊ लागली. टर्बोचार्जरचं पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली घेतलं होतं. आज तो साध्या गाड्यांतही कारखान्यातूनच येतो. म्हणजे पहिला धडा असा की, जी जोडणी खरंच सगळ्यांच्या उपयोगाची असते ती फार दिवस सुटी विकली जात नाही. गाडी बनवणारेच ती उचलतात.

आता दुसरी परंपरा पाहू. कॅनडात विनिपेग इथे चार्ल्स नेल्सन पोग नावाचा संशोधक होता. त्याने १९३० ते १९३६ च्या दरम्यान कार्ब्युरेटरची तीन अमेरिकन पेटंटं मिळवली. पेट्रोल इंजिनात जाण्याआधी त्याची पूर्ण वाफ करायची, ही कल्पना. त्यावर गाडी गॅलनला २०० मैल, म्हणजे कॅनडातल्या गॅलनच्या हिशेबाने लिटरला ७० किलोमीटर जाते, असा बोभाटा झाला. तटस्थ माणसांसमोर हे कधी सिद्ध झालं नाही. मग "तेल कंपन्यांनी शोध दाबून टाकला" ही कथा निघाली, ती आजही चालते. गंमत म्हणजे पेटंट हा काही गुप्त कागद नसतो! तो छापील, उघडा असतो आणि पोगच्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली. ज्याला हवं त्याने कार्ब्युरेटर बनवून पाहावा. शिवाय चांगल्या स्थितीतल्या इंजिनात जवळजवळ सगळं पेट्रोल मुळातच जळतं. जे वाया जातं ते जळण्याआधी नव्हे, जळल्यानंतर, उष्णतेच्या रूपाने सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जातं. तेव्हा "पेट्रोल पूर्ण जाळतो" म्हणणाऱ्या यंत्राला वाचवायला शिल्लक असं फारसं काही नसतंच.

या दोन्हींहून वेगळी अशी एक तिसरी जोडणी आपल्याकडेही होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं तेव्हा मोटारी कोळशावर चालवल्या गेल्या. तोवर एस.टी. नव्हती (ती १९४८ साली सुरू झाली), खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. आमचे वडील सांगत, मोटारीला एक उभी टाकी बसवलेली असे, क्लीनर पहाटे त्यात कोळसा पेटवून पंखा फिरवत बसे, आणि चढ आला की उतारूंना खाली उतरून चालावं लागे. अर्धवट जळत्या कोळशातून निघणारा गॅस इंजिनात जाळायचा, अशी ती युक्ती. युरोपात लाकडावर हेच चाले. युद्ध संपताना एकट्या जर्मनीत अशी सुमारे पाच लाख वाहनं होती. ताकद बरीच कमी होई, राख काढावी लागे, विषारी वायूची भीती असे. पण मोटार चालत होती! आणि कुणी असं सांगत नव्हतं की यात काही गमवावं लागणार नाही.

१९७३ साली तेलाचा भडका उडाला. पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो काही महिन्यांत जवळजवळ बारावर गेला, आणि अमेरिकेत पेट्रोल बचतीच्या यंत्रांचा सुळसुळाट झाला. १९७५ च्या कायद्याने तिथल्या पर्यावरण खात्यावर अशी यंत्रं तपासण्याची जबाबदारी टाकली. त्या खात्याने शंभराहून अधिक यंत्रं तपासली. फरक पडला तो मोजक्यांनी, तोही थोडासा. त्यातलं एक गाडी वेग घेत असताना एसी तात्पुरता बंद करणारं होतं. म्हणजे ते पेट्रोल वाचवत होतं, पण गारवा घेऊन! जाहिरातींत नामवंतही होते. गॉर्डन कूपर हा अंतराळवीर अशा एका व्हॉल्व्हची शिफारस करत होता. १९७९ साली तिथल्या व्यापार आयोगाने त्याला बांधून घेणारा आदेश काढला. अंतराळात जाऊन आलेला माणूस मोटारीच्या इंजिनाचा तज्ज्ञ ठरत नाही, हा त्यातला एक मुद्दा होता.

जुन्या गाड्यांत अशा एखाद्या यंत्राला थोडा वाव तरी होता. कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त सोडत असेल तर बाहेरून जादा हवा देणाऱ्या व्हॉल्व्हने जरा फरक पडे. १९७६ साली व्होल्वोने धुराड्यात ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवला, पुढे तो सगळीकडे आला. आता बाहेरून काहीही ढवळाढवळ केली तरी गाडीचा संगणक हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजून पुन्हा होतं तिथे आणतो. आणि ती सॉकेटमधली डबी? परदेशात काही इंजिनिअरांनी अशी एक डबी उघडून पाहिली. आत लुकलुकणारे दिवे आणि एक मामुली चिप. गाडीशी बोलण्याची सोयच नव्हती.

मग "मला फरक पडला" असं शपथेवर सांगणारी माणसं खोटं बोलतात का? मुळीच नाही. माझा एक जुना विद्यार्थी रिक्षा चालवतो. त्याने पेट्रोलवरच्या रिक्षाला चुंबकाची नळी बसवली, दोन दिवसांची कमाई घालून. पहिल्या महिन्यात खरंच पेट्रोल कमी लागलं. तो वहीत हिशेब ठेवणारा, म्हणून मी विचारलं, नळीबरोबर आणखी काय केलंस? तर प्लग नवा, एअर फिल्टर नवा, टायरमध्ये हवा! शिवाय यंत्र पाहायचं म्हणून रिक्षाही हळू हाकत होता. तीन महिन्यांनी आकडा मूळपदावर. नळी तशीच होती. प्लग काळा झाला होता आणि हात जुन्या सवयीवर गेला होता. पुढे त्याने सीएनजी किट बसवलं, तेव्हा मात्र पैसे वाचले. ताकद किंचित कमी झाली, पंपावर रांगेत तास जाऊ लागला, टाकीची तपासणी मागे लागली. पण हे सगळं त्याला आधीच ठाऊक होतं.

मला या सगळ्यात वाईट वाटतं ते याचंच. कारवाल्याचे दोन-चार हजार गेले तर तो हसून सोडून देईल. रिक्षावाल्याची ती त्या आठवड्याची शिल्लक असते, आणि जाहिरात नेमकी त्यालाच जास्त खरी वाटते, कारण पेट्रोलची झळ त्यालाच जास्त लागते.

तेव्हा भाच्या-पुतण्यांनो, दुकानदाराला एवढंच विचारा: "याच्या बदल्यात गाडीतलं काय जाणार?" कोळशाच्या टाकीला याचं उत्तर होतं, सीएनजीला आहे. "काहीच नाही, नुसता फायदा" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. आणि वाचलेल्या पैशात आधी फिल्टर बदला, टायरमधली हवा पाहा.

असो. कोळशाच्या मोटारीत बसलेलं कुणी तुमच्या घरात असेल तर ते आता नव्वदीच्या घरात असणार. त्यांच्या आठवणी लवकर लिहून घ्या, आणि जमलं तर मलाही कळवा.