पोलीस स्मृतिदिन

कर्तव्य बजावीत असता प्राणास मुकलेल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या व शिपायांच्या स्मरणार्थ प्रतिवर्षी २१ ऑक्टोबर रोजी भारतभर पाळला जाणारा दिवस.

उगम : १९५९ साली तिबेटलगतच्या सीमेची राखण पोलीस दलांकडे होती. २० ऑक्टोबर रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथून टेहळणीस गेलेल्या तीन तुकड्यांपैकी एक परतली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी अधिकारी करमसिंग यांच्या नेतृत्वाखाली सुमारे वीस जणांचे पथक तिच्या शोधार्थ निघाले असता टेकडीवरील चिनी सैनिकांनी त्यावर गोळीबार केला. दहा जवान धारातीर्थी पडले. १३ नोव्हेंबरला चीनने परत केलेल्या त्यांच्या देहांवर हॉट स्प्रिंग्ज येथेच पोलीस इतमामाने अंत्यसंस्कार झाले. जानेवारी १९६० मध्ये पोलीस महानिरीक्षकांच्या वार्षिक परिषदेत २१ ऑक्टोबर हा दिवस स्मृतिदिन म्हणून पाळण्याचे ठरले.

विधी : संचलन, शोकशस्त्र, पुष्पचक्रार्पण व मौन ही या दिवसाची अंगे होत; तथापि त्याचा गाभा नामवाचनात आहे. मागील वर्षभरात देशात कोठेही कामी आलेल्या प्रत्येकाचे नाव सर्वांसमक्ष उच्चारले जाते, आणि हयातीत ज्या दरजांनी माणसामाणसांत अंतर राखलेले असते, ते सारे त्या एका यादीत गळून पडतात.

महाराष्ट्र : २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात गिरगाव चौपाटीजवळ सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असता हल्लेखोर अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर झेलल्या आणि त्यामुळे त्यांच्या सहकाऱ्यांना त्यास जिवंत पकडता आले. सातारा जिल्ह्यातील केडंबे हे त्यांचे गाव. सहआयुक्त हेमंत करकरे, अपर आयुक्त अशोक कामटे व वरिष्ठ निरीक्षक विजय साळसकर यांच्यासमवेत त्यांनाही २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. सहआयुक्तांपासून सहायक फौजदारापर्यंत एकच सन्मान, हे औचित्य नामवाचनाच्या समतेशी सुसंगतच होते. गडचिरोलीच्या अरण्यातही पोलिसांच्या बलिदानाचे ऋण मोठे आहे : ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीत १७ पोलिसांनी प्राण वेचले.

राष्ट्रीय स्मारक : दिल्लीतील चाणक्यपुरी येथील राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे लोकार्पण २१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले. त्यात ३० फूट उंचीचा अखंड ग्रॅनाइट-शिल्पस्तंभ असून शौर्यभिंतीवर स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत.

नाशिक व सिन्नर : राज्याचे पोलीस उपनिरीक्षक नाशिक येथील महाराष्ट्र पोलीस अकादमीत शिक्षण घेऊन ठिकठिकाणी रुजू होतात. पोलिसांच्या रोजच्या कामाचे एक उदाहरण : तेथून नजीकच, पुणे मार्गावर वसलेल्या सिन्नर तालुक्यात महामार्गावरील वाहतूक, औद्योगिक वसाहत, शिर्डीस निघालेले पदयात्री आणि पंढरीस जाणारी संत निवृत्तिनाथांची पालखी यांचा बंदोबस्त ही पोलिसांची नित्याची कामगिरी आहे. ओंबळेही मुंबईवरील हल्ल्याच्या रात्री नाकाबंदीच्या अशाच साध्या कामावर उभे होते. हौतात्म्य हे नेहमीच्या कर्तव्याहून वेगळ्या जातीचे नसते; ते त्याच कर्तव्याचे अखेरपर्यंत केलेले पालन असते. म्हणून दिवंगतांचा खरा आदर करावयाचा, तर तालुक्याच्या ठाण्यात आज नोकरीवर असलेल्या शिपायाच्या सुरक्षिततेची आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची काळजी समाजाने व सरकारने त्याच्या हयातीतच वाहिली पाहिजे.