दिवा मालवताना

गेल्या वर्षी महाराष्ट्रातून एक नाटक बंगळूरला आलं होतं. त्याच्या सरटायटल्सचं भाषांतर माझं होतं, म्हणून तालमीच्या दिवशी मी प्रकाशयोजनेच्या खोलीत बसले होते. नाट्यगृहात नव्या एलईडी दिव्यांची चाचणी चालू होती आणि ते दिवे बनवणाऱ्या कंपनीचा एक तरुण इंजिनिअर वापरणाऱ्यांची मतं टिपून घ्यायला आला होता. त्याला कन्नड आणि इंग्रजी येत होतं. नाटकाबरोबर आलेल्या प्रकाशवाल्या काकांना मराठी आणि कामापुरतं हिंदी येत होतं. मधल्या खुर्चीवर मी होते, तेव्हा दुभाषाचं काम आपोआपच माझ्याकडे आलं.

काका म्हणाले, ‘‘ताई, त्यांना सांगा, हा दिवा मालवत नाही. तुटतो.’’

मी इंग्रजीत सांगितलं, दिवा नीट फेड होत नाही. इंजिनिअरने कन्सोलकडे पाहिलं, पुन्हा एकदा फेड देऊन बघितला. पाच सेकंदांत शंभरावरून शून्यावर. ‘‘होतोय की,’’ तो म्हणाला. काकांनी मान हलवली. हात पुढे करून त्यांनी तळवा सावकाश खाली आणला आणि अगदी शेवटी, मांडीपासून चार बोटांवर, त्याला तीन-चार बारीक झटके दिले. ‘‘शेवटच्या पायऱ्या मोजता येतात,’’ ते म्हणाले. मी हे वाक्य शब्दशः इंग्रजीत सांगितलं, तेव्हा कुठे इंजिनिअरने वही उघडली.

माझं पहिलं भाषांतर चुकलं होतं. ‘मालवणे’ आणि ‘फेड’ हे एकच आहेत असं मी धरून चालले होते. मराठीत देवापुढचा दिवा कोणी ‘विझव’ म्हणत नाही. दिवा मालवतात, शांत करतात, त्याला निरोप देतात. हिंदीत तर दिवा बढ़ाते हैं. जाणाऱ्या प्रकाशाशी अदबीने वागायची ही रीत आहे. काकांची तक्रार त्या रीतीविषयी होती आणि यंत्राच्या भाषेत तिला अगदी नेमका अर्थही होता. त्या अर्थामागचा इतिहास पुढचे काही महिने मी वाचत राहिले.

मराठी रंगभूमीच्या उजेडाची गोष्ट कर्नाटकातूनच सुरू होते. १८४२ साली उत्तर कन्नडातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला खेळ घेऊन आली. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. हे कर्की होन्नावर तालुक्यात येतं. त्याच तालुक्यातल्या मल्लापूरचे शंकर नाग पुढे मुंबईत मराठी नाटकांत रमले, बंगळूरला परतले आणि १९९० मध्ये अपघातात गेले. त्यांच्या आठवणीसाठी अरुंधती नाग यांनी उभारलेलं रंगशंकरा २००४ साली जे. पी. नगरमध्ये सुरू झालं. वाट एकच आहे, फक्त दोन्ही दिशांनी चाललेली.

भाव्यांच्या काळात समया, हिलाल आणि मशाली हीच प्रकाशयोजना होती. राक्षस प्रवेश करायचा तेव्हा मशालीवर राळ उडवायचे. भडका उठायचा आणि प्रेक्षक दचकायचे. म्हणजे दिवा केवळ दिसण्यापुरता नव्हता, त्याला भूमिका होती आणि ती हिलाल धरणाऱ्या माणसाच्या हातात होती. मूठभर राळ केव्हा टाकायची, किती टाकायची, हे तोच ठरवायचा. पुढे रॉकेलचे दिवे आले, गॅसबत्त्या आल्या, मग वीज आली. बंगळूरच्या रस्त्यांवर ५ ऑगस्ट १९०५ रोजी विजेचे दिवे लागले. वीज शिवनसमुद्रहून येत होती. तिथून ती आधी १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली होती.

पाश्चात्त्य रंगभूमीवर तोवर तक्रारींचा एक मोठा ढीग जमला होता. गॅसच्या दिव्यांनी नाट्यगृहात उकडायचं, हवा कोंदट व्हायची, आणि आगीची धास्ती तर कायमच. १८८१ च्या डिसेंबरमध्ये व्हिएन्नाचं रिंग थिएटर जळून शेकडो माणसं मेली. त्याच महिन्यात लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात रंगमंचही विजेवर उजळला. मालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी पेटलेला बल्ब कापडात गुंडाळून प्रेक्षकांसमोर फोडला आणि कापड जळत नाही हे दाखवलं. नव्या वस्तूबद्दलची शंका जाहीरपणे ऐकून तिला जाहीर उत्तर देण्याचा हा प्रकार मला आवडतो.

दुसरी तक्रार आमच्या साहित्याच्या अभ्यासक्रमातच होती, पण ती तक्रार आहे हे एम.ए.ला असताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. १८८८ साली स्ट्रिंडबर्गने ‘मिस ज्युली’ला प्रस्तावना लिहिली. ती आम्ही निसर्गवादाचा जाहीरनामा म्हणून वाचली. तिच्या अखेरीस तो फूटलाइटविषयी बोलतो. खालून येणारा उजेड जबडा पुसून टाकतो, नाकाचा आकार बिघडवतो, डोळ्यांवर सावली पाडतो, आणि नटाच्या डोळ्यांना त्रास होतो तो वेगळाच. फूटलाइट काढा, बाजूंनी जोरकस प्रकाश द्या, असं त्याचं मागणं होतं. वाद-सिद्धांत बाजूला ठेवला तर हा वापरणाऱ्याचा अभिप्राय आहे, आणि फार नेमका. ‘प्रकाश वाईट आहे’ असं तो म्हणत नाही. कुठून येतो, कशावर पडतो, काय झाकतो, हे तो सांगतो.

विसाव्या शतकात उपकरणं बनवणाऱ्यांना हे अभिप्राय नियमाने मिळू लागले, कारण बनवणारे आणि वापरणारे एकाच सभागृहात बसू लागले. याची दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

पहिलं सोर्स फोर या स्पॉटचं. अमेरिकेतल्या ईटीसी कंपनीने तो १९९२ मध्ये आणला, रचना डेव्हिड कनिंगहॅम यांची. त्याआधीच्या स्पॉटबद्दल रंगमंचावरचे लोक त्याच त्या गोष्टी बोलत होते. उष्णतेने आतली शटरं वाकतात, जिलेटीन जळतं, हजार वॉट ओतूनही उजेड मनासारखा मिळत नाही. नव्या स्पॉटमध्ये काचेचा असा परावर्तक बसवला की प्रकाश पुढे जावा आणि उष्णतेचा बराचसा भाग मागून निघून जावा. ५७५ वॉटचा दिवा जुन्या हजार वॉटच्या जवळपास उजेड देऊ लागला. पुढची नळी फिरती केली, म्हणजे शटरचा कोन जुळवायला शिडीवर झटापट करायची गरज उरली नाही. शिडीवर चढलेल्या माणसाचं ऐकून घेतलं आहे, हे त्या नळीत दिसतं.

दुसरं उदाहरण डीएमएक्स ५१२ चं, आणि काकांचे झटके इथूनच आले होते. १९८० च्या दशकात प्रत्येक कंपनीचा कन्सोल आपल्याच डिमरशी बोलायचा. दौऱ्यावरच्या मंडळींना दर गावी नवी तारयंत्र-भाषा भेटायची. मग अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने, यूएसआयटीटीने, १९८६ मध्ये सगळ्यांसाठी एक सामाईक भाषा ठरवली. एका तारेवर ५१२ वाहिन्या आणि प्रत्येक वाहिनीवर शून्यापासून २५५ पर्यंतचा एक आकडा. कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या, तरी वापरणाऱ्यांच्या त्रासापुढे त्या नमल्या. भाषांतर करणाऱ्या माणसाला ही गोष्ट सुखावते. बोलीभाषा अनेक असताना दळणवळणासाठी एक भाषा ठरली, आणि ती आजही चालू आहे.

पण प्रत्येक प्रमाणभाषा आपल्या काळाचं काहीतरी गृहीत धरते. १९८६ चे दिवे टंगस्टनचे होते. टंगस्टनच्या तारेत ऊब साठते. आकडा पटकन खाली आला तरी तार सावकाश निवते, आणि निवताना पिवळी, मग तांबूस होते. २५६ पायऱ्यांच्या मधल्या फटी ती ऊब भरून काढायची, त्यामुळे पायऱ्या कोणाला दिसल्याच नाहीत. एलईडीला अशी ऊब नाही. जो आकडा आला तेवढाच उजेड, त्याच क्षणी. सरळ हिशेबाने चालणाऱ्या एलईडीत २०१ वरून २०० वर येताना डोळ्याला काही कळत नाही. पण २ वरून १ वर येताना प्रकाश एकदम निम्मा होतो, आणि १ नंतर अंधार. अंधाराला सरावलेला डोळा हे लगेच टिपतो. काका ‘तुटतो’ म्हणत होते ते हेच.

यावर उपायही तक्रारींतूनच निघाले. दोन वाहिन्या जोडून पायऱ्या ६५,५३६ करता येतात. दिव्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये उताराची वक्ररेषा बदलता येते, म्हणजे तळाशी पायऱ्या दाट होतात. मंद होताना रंग तांबूसही करता येतो. हे शेवटचं काम विजेच्या हिशेबासाठी मुळीच लागत नाही. मावळतीला तांबडा रंग हवा असतो तो माणसांना. २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या नव्या ऊर्जा-नियमांत रंगमंचाचे टंगस्टन दिवे बंद पडणार असं दिसताच तिथल्या प्रकाशयोजनाकारांनी मोठी मोहीम उघडली. पुढच्या वर्षी ठरलेल्या नियमांत रंगमंचाच्या बऱ्याच दिव्यांना सूट मिळाली.

हे वाचताना एक गोष्ट मला टोचत राहिली. स्ट्रिंडबर्गची तक्रार छापली गेली. कार्ट मालकच होते. यूएसआयटीटीच्या सभासदांना सभा होती, इतिवृत्त होतं. आपल्याकडे हिलाल धरणाऱ्याने काय सुचवलं, ते कुठे नोंदलेलं सापडत नाही. म्हणून आपल्या लोकांनी काही सुचवलंच नाही असं होत नाही. त्यांनी लिहून कळवण्याऐवजी करून दाखवलं.

हौशी रंगभूमीवर तेला-तुपाच्या डब्यांचे स्पॉट केलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सांगायला नको. डब्याचा तळ कापायचा, आत बल्ब, तोंडाशी रंगीत कागद. डिमर महाग, तर मिठाच्या पाण्याचा डिमर करायचे. उभ्या नळीत खारं पाणी, तळाशी एक धातूची पट्टी, वर दुसरी. वरची पट्टी पाण्यात खाली सोडली की दिवा चढायचा, वर ओढली की मंद व्हायचा. पाणी तापायचं, झटका बसायची भीती असायची. पण त्या डिमरला पायऱ्या नव्हत्या. दिवा मालवणं म्हणजे खरोखर एका माणसाचा हात सावकाश वर जाणं. बंगालमध्ये तापस सेन यांनी १९५९ मध्ये उत्पल दत्तांच्या ‘अंगार’साठी कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाण्याचा जो भास उभा केला, तोही साध्या साधनांतूनच.

परदेशी स्पॉटच्या रचनेवर या मंडळींचा काही परिणाम झाला नाही, कारण त्यांचं म्हणणं कारखान्यापर्यंत पोचण्याचा रस्ताच नव्हता. माहितीपुस्तिका इंग्रजीत, पत्ता परदेशातला, आणि कारखान्याला हवी ती संज्ञा यांच्याकडे नाही. आता कारखाना आपल्याच शहरात असू शकतो. तरीही अभिप्रायाच्या कागदावर पाचपैकी किती तारे असं विचारलेलं असतं, आणि चार तारे दिल्यावर ‘तुटतो’ हा शब्द कुठे लिहायचा हे कळत नाही. मी त्या दिवशी त्या खोलीत नसते, तर काकांनी चार तारे देऊन चहा घेतला असता.

माझी फुशारकी म्हणून हे सांगत नाही. पहिल्यांदा मीच चुकले होते. सोयीचा, तांत्रिक वाटणारा शब्द मी काकांच्या तोंडी घातला आणि तक्रारीतला जीवच काढून घेतला. ती वाचली ती त्यांच्या तळव्यामुळे. त्यानंतर आम्ही तिघं रिकाम्या प्रेक्षागृहात जाऊन बसलो. सगळे दिवे बंद करून इंजिनिअरने एकाच दिव्याचा शेवटचा दहावा हिस्सा पुन्हा पुन्हा खाली आणला. चौथ्या खेपेला तो स्वतःच पायऱ्या मोजू लागला. वहीत त्याने इंग्रजी टिपण केलं आणि बाजूला, मला विचारून, कन्नड लिपीत ‘मालवणे’ असं लिहिलं.

तीन महिन्यांनी त्याचा निरोप आला. दिव्यातला प्रोग्रॅम बदलला आहे, एक नमुना मुंबईत पाठवतो आहे, अंकलना बघायला सांगाल का? काकांनी एका प्रयोगाला तो वापरला आणि रात्री मला फोन केला.

‘‘ताई, आता मालवतो हो. छान मालवतो. पण त्यांना सांगा, शांत प्रसंगात त्याचा पंखा ऐकू येतो.’’

हे भाषांतर करायला मात्र मला अजिबात वेळ लागला नाही.