माथेरानचा बुडालेला हंगाम

१८५०मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढले, आणि तिथे थंड हवेचे ठिकाण वसले. पुढे गावात मोटारींना बंदी आली. माणसांपासून किराण्यापर्यंत भार घोड्यांच्या पाठीवर राहिला.

२५ मार्च २०२०ला देशभर टाळेबंदी लागली. एप्रिल-मे म्हणजे घोडेवाल्यांच्या कमाईचे दिवस, पावसाळ्याची बेगमी त्यातूनच. तो अख्खा हंगाम बुडाला.

घोड्याची निगा मात्र एक दिवसही टळत नाही. चंदी, चारा, पाणी, खरारा, लीद उपसणे, नाल तपासणे. बांधून ठेवलेल्या घोड्याला पोटशूळाचा धोका, म्हणून गिऱ्हाईक नसतानाही त्याला फिरवायलाच हवे. कमाई शून्य आणि खुराक चालू, ही ओढाताण फार जीवघेणी.

३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ माथेरानच्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. मागोमाग पावसाळा होताच.