माडी : तेरेखोलच्या अलीकडची आणि पलीकडची

गेल्या लाँग वीकएंडला गोव्याहून येताना मित्राने फेणीची बाटली आणली. काजूची नव्हे हं, माडाची! चिपळूणला घरी आल्यावर शेजारच्या आजोबांना सहज दाखवली. त्यांनी बूच उघडून वास घेतला आणि म्हणाले, "ही आमचीच रे. फक्त तिकडची."

आजोबा भंडारी. त्यांचे आजोबा गुहागरकडे माडावर चढून माडी काढायचे, वडील मुंबईला गिरणीत गेले. झालं, डोक्यात किडा वळवळायला लागला. माड तेच, खारा वारा तोच. मग धंदा इकडे बसला आणि तिकडे टिकला, असं का?

आधी थोडा टेक्निकल भाग. माडाची पोय उमलण्याआधी बांधायची, टोक रोज धारदार सुरीने कापत राहायचं आणि खाली मडकं लावायचं. गोड रस ठिबकतो. मडक्यातल्या यीस्टमुळे तो काही तासांतच आंबायला लागतो, दुसऱ्या दिवशी आंबट होतो आणि मग चक्क व्हिनेगर. म्हणजे शेल्फ लाइफ जेमतेम एक दिवस. शिवाय जी पोय माडीला दिली तिला नारळ धरत नाहीत. एका रिसोर्सवर दोन प्रोसेस, दोन्ही एकदम चालणार नाहीत! त्यामुळे माडीचा पुरवठा कायम स्थानिक. माडीतून पैसा काढायचा तर सरकारला माडापर्यंतच जावं लागतं.

आणि इंग्रज गेले. १८७८ चा मुंबईचा अबकारी कायदा आला. माडी काढायच्या माडाला परवाना, माडावर खूण, दर माडामागे कर. दुकानाचा हक्क सरकार विकणार, आणि घरी भट्टी लावली तर गुन्हा. ज्याचे पाय माडावर, त्याचा धंद्यावरचा ताबा मात्र सुटत गेला.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, २६ डिसेंबर १८७८ ला, इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. कारण उघड आहे. शेजारी दारू स्वस्त असेल तर चोरटी आयात थांबणार कशी? करार १८८० पासून अमलात आला. गोव्याचं मीठ आणि जकात इंग्रजांच्या व्यवस्थेत गेली, अबकारीही इंग्रजी पद्धतीची झाली, आणि पोर्तुगिजांना वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. म्हणजे बारा वर्षं दोन्हीकडे साधारण एकच सिस्टीम चालली. १८९२ मध्ये कराराची मुदत संपली, तो पुढे वाढवला गेला नाही, आणि वाटा वेगळ्या झाल्या.

(हे फक्त आपल्याकडचं नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या नगरपालिकेने १९०८ च्या कायद्याचा आधार घेऊन ज्वारीच्या बिअरची मक्तेदारीच स्वतःकडे घेतली. बायका घरी करायच्या ती बिअर बेकायदा, नगरपालिकेची मात्र कायदेशीर! वर त्या नफ्यातून कृष्णवर्णीयांवर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा चालवली.)

गोव्यात कर होताच, पण माडी हा नुसता पिण्याचा पदार्थ नव्हता. तिकडे तिला सूर म्हणतात आणि माडावर चढणाऱ्याला रेंदेर. सूर पोदेराच्या पावात आंबवणासाठी, सान्नांत, व्हिनेगरसाठी आणि फेणीसाठी लागायची. एका मडक्याला चार गिऱ्हाइकं. आपल्याकडे मुख्य गिऱ्हाईक एकच, दुकान. माझ्या मते खरा फरक इथे आहे.

मग दारूबंदी आली. मुंबईचा कायदा १९४९ चा, आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदी. गृहमंत्री मोरारजी देसाई. पर्याय म्हणून नीरा आणि ताडगूळ पुढे केले. कल्पना चांगली, पण नीरा आंबू द्यायची नाही म्हणजे मडक्याला आतून चुना लावा, रस थंड ठेवा, लगेच विका. त्या काळच्या कोकणात बर्फ आणणार कुठून? रस्तेसुद्धा धड नव्हते. गावोगावच्या भंडाऱ्यांना हा उपाय पुरणार कसा? त्यांना जवळची होती ती मुंबईची बोट. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. त्याआधी रत्नागिरी जिल्हा थेट गोव्याच्या सीमेला भिडायचा, म्हणजे एकाच किनाऱ्यावर एका बाजूला बंदी आणि दुसऱ्या बाजूला खुलं दुकान. १९६१ मध्ये गोवा भारतात आला, पण तिथे आपली दारूबंदी गेली नाही. १९६४ चा त्यांचा अबकारी कायदा परवाने आणि कर यांच्यावरच चालला.

पुढे महाराष्ट्रानेही बंदी सैल केली, पण तोवर माडावर चढणारी पिढी गिरणीत आणि ऑफिसांत जाऊन बसली होती. आमची पिढी तर काय, स्टूलवर चढून ट्यूबलाइट बदलतानाही घाबरते. गोव्यातही सगळं आलबेल नाही म्हणा. २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते काजूच्या फेणीला. माडाची फेणी तेव्हा मागेच राहिली, आणि माडावर चढायला पोरं तिकडेही मिळत नाहीत.

हे सगळं आजोबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, 'हं' म्हणाले. बाटली अजून त्यांच्याकडेच आहे.