मधुमेह आणि डोळ्यांची तपासणी : कोलकात्यातील लाभार्थ्यांसाठी माहिती

मधुमेह असलेल्या व्यक्तीला स्पष्ट दिसत असले, तरी तिचे डोळे निरोगी आहेत असे समजू नये. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास डोळ्याच्या पडद्यातील बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, त्यांतून द्रव किंवा रक्त झिरपते. या विकाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. सुरुवातीला यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि नजरही कमी होत नाही. पडद्याची हानी झाल्यावर गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. मात्र वेळीच उपचार घेतल्यास उरलेली दृष्टी वाचवता येते. मधुमेहींना मोतीबिंदू लवकर होऊ शकतो, तसेच काचबिंदूचा धोकाही वाढतो.

तपासणी केव्हा करावी?
- टाइप २ मधुमेहाचे निदान होताच, व त्यानंतर दरवर्षी.
- मधुमेही महिलेने गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत.
- डोळ्यांपुढे काळे ठिपके किंवा जाळे दिसल्यास, अथवा अचानक अंधुक दिसू लागल्यास त्याच दिवशी.

तपासणी कशी होते?
बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर पडदा पाहतात. त्यानंतर काही तास अंधुक दिसते. म्हणून सोबत कोणाला तरी न्यावे व वाहन चालवू नये. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे.

कोठे जावे?
साखरेची तपासणी कोलकाता महानगरपालिकेच्या आपल्या वॉर्डातील आरोग्य केंद्रात करून घ्यावी. डोळ्यांसाठी कोलकाता मेडिकल कॉलेजच्या आवारातील रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या सरकारी संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात जावे. जुने कागद, चालू औषधे व साखरेचे अहवाल सोबत न्यावेत.

खर्चाचे काय?
स्वास्थ्य साथी योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. त्यामुळे वार्षिक तपासणी सरकारी रुग्णालयातच करावी. खासगी रुग्णालयात लेसर, डोळ्यातील इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया करायची झाल्यास ती योजनेत बसते का, हे तेथील मदत कक्षात आधी विचारून घ्यावे.

लक्षात ठेवा
साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवा, तंबाखू सोडा. दिसत आहे म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.