शिऊरच्या संत बहिणाबाई : दैन्य आणि भगवत्कृपा

संतचरित्रांतून सामर्थ्याच्या आणि चमत्काराच्या कथा पुष्कळ आढळतात. परंतु स्वतःच्या असहायतेची कबुली इतक्या सविस्तर व निर्भीडपणे देणारे चरित्र मराठीत विरळाच. तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या संत बहिणाबाई यांनी आपल्या आयुष्याचा वृत्तांत अभंगांतून स्वतःच सांगितला असून तो ‘आत्मनिवेदन’ या नावाने ओळखला जातो. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्यांनी १९२९ साली त्यांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्यांची वाणी महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकांनाही परिचित झाली. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी या त्यांच्यानंतर सुमारे अडीच शतकांनी जन्मल्या, हे येथे ध्यानात घ्यावे.

बहिणाबाईंचा जन्म १६२८ च्या सुमारास वेरूळजवळील देवगावी, आऊजी कुलकर्णी यांच्या घरी झाला. हा मुलूख पुढे निजामाच्या अमलाखाली गेला आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात मोडत होता. पाचव्या वर्षी त्यांचा विवाह शिऊरच्या गंगाधरपंत पाठकांशी झाला. पंत बिजवर, वयाने तिशीचे, वेदविद्येत निष्णात. पण स्वभावाने तापट. पुढे कौटुंबिक कलहामुळे सर्व कुटुंबाला घर सोडावे लागले. गोदातीराने भिक्षा मागत, पंढरपूर करीत ही मंडळी अखेर कोल्हापुरास आली व एका ब्राह्मणाच्या आश्रयाने राहिली. त्या वेळी बहिणाबाईंचे वय जेमतेम अकरा वर्षांचे होते. घर नाही, धन नाही, स्वतःच्या देहावरही स्वतःची सत्ता नाही, अशी ही अवस्था होती.

कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तने होत. बहिणाबाईंच्या घरच्या गाईचे एक वासरू त्यांच्या मागोमाग हिंडे, ते कीर्तनासही येऊ लागले. लोकांनी त्याला हुसकले. परंतु स्वामींनी त्याला जवळ आणवून त्याच्या व बहिणाबाईंच्या मस्तकावर हात ठेवला. ही वार्ता गावभर झाली. पत्नीचे नाव चारचौघांत निघावे, हे गंगाधरपंतांना सहन झाले नाही आणि त्यांनी तिला निष्ठुरपणे मारहाण केली. पुढे त्या वासराने चारा सोडला व प्राणही सोडला. बहिणाबाई कित्येक दिवस शुद्धीवर नव्हत्या. हे सारे त्यांनी कोणतेही अवगुंठन न घालता लिहून ठेवले आहे.

याच काळात, १६४० साली, त्यांना स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला. दर्शन सुखाचे खरे. परंतु त्यामुळे घरातील संकट वाढलेच. वेदपाठी ब्राह्मणाच्या पत्नीने देहूच्या कुणबी वाण्याला गुरू मानावे, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला रुचणारी नव्हती. बहिणाबाईंपुढे दोन्ही वाटा बंद झाल्या. पतीची आज्ञा मानावी तर गुरूचे नाम सुटते. नाम धरावे तर संसार मोडतो. स्त्रीदेह पराधीन आहे आणि शास्त्रे तिला परमार्थाचा अधिकार देत नाहीत, मग तिने जावे कोठे, हा प्रश्न त्यांनी देवापुढे उघडपणे मांडला आहे. आपल्या अंगी बळ नाही, हे सांगताना त्यांना संकोच वाटला नाही.

गंगाधरपंतांनी पत्नीस माहेरच्यांच्या हवाली करून निघून जाण्याचा निश्चय केला. नेमक्या त्याच वेळी ते आजारी पडले. औषधांचा उपाय चालेना. बहिणाबाई रात्रंदिवस उशाशी बसून सेवा करीत राहिल्या. ज्या हातांनी मार खाल्ला होता, त्याच हातांनी त्यांनी शुश्रूषा केली. या आजारात पंतांच्या मनास पश्चात्ताप झाला, आणि बरे झाल्यावर तेच कुटुंबासह देहूस निघाले. भक्तिपरंपरा या पालटास श्रीपांडुरंगाची कृपा म्हणते.

मात्र देहूस पोचताच दुःख संपले, असे झाले नाही. तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन झाले, कीर्तनाचा लाभ झाला. पण तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजी गोसाव्याचा रोष या कुटुंबावरही ओढवला. तेथेच कन्या काशीबाई जन्मली. पुढे बहिणाबाई शिऊरला राहिल्या. पुत्र विठोबा यास जवळ बसवून त्यांनी आपला जीवनानुभव सांगितला आणि १७०० साली देह ठेवला. शिऊर हे गाव आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वैजापूर तालुक्यात असून तेथे त्यांची समाधी आहे.

या चरित्रातील कृपेचे स्वरूप लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. कृपेने त्यांचे दारिद्र्य हरले नाही, लोकनिंदा थांबली नाही आणि मारहाणीचे व्रणही पुसले नाहीत. मारणाऱ्याचा अन्याय त्यामुळे योग्य ठरत नाही. बहिणाबाईंनी तो लपविलाही नाही. कृपेने त्यांना दिले ते दुसरेच. मन कडू होऊ न देता दुःख सांगण्याची वाणी त्यांना लाभली, आणि ज्याचा राग यावा त्याचीही शुश्रूषा करण्याचे धैर्य लाभले. स्वतःचे बळ संपल्याचे कबूल केल्यावरही त्यांनी हात जोडून नुसती वाट पाहिली नाही. समोर आलेले कर्तव्य त्या करीत राहिल्या.

आदिनाथांपासून ज्ञानेश्वरांमार्गे तुकोबांपर्यंत आलेली आपली गुरुपरंपरा बहिणाबाईंनी अभंगात नोंदविली आहे. जिला शास्त्राने अधिकार नाकारला, तिच्याच मुखाने ती परंपरा पुढील पिढ्यांना कळावी, हा योग मोठा आहे. रोगाने, वार्धक्याने वा घरच्या दुःखाने खचलेला भक्त मठाच्या पायरीवर येऊन बसतो, तेव्हा देवापुढे नेण्यासारखे त्याच्यापाशी काहीच उरलेले नसते. कोल्हापुरातील त्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीपाशीही काही नव्हते. तिने आपले दैन्यच देवाच्या चरणी ठेवले, आणि ते स्वीकारले गेले.