‘फ्री’ म्हणजे कशापासून मुक्त? सोलापूरच्या एका पत्त्याचा इतिहास

#धागा #सोलापूर #इतिहास

१/ सोलापुरातील कित्येक घरांच्या पत्त्यात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे शब्द असतात आणि पुढे कॉलनीचा क्रमांक. त्या पत्त्यावर टपाल येते, तोच आधार कार्डावर छापला जातो, लग्नपत्रिकेतही तोच असतो. पण ‘फ्री’ म्हणजे नेमके कशापासून मुक्त, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आजचा धागा त्या एका शब्दाविषयी.

२/ उत्तर शहराच्या नकाशात दडलेले आहे. कोणत्या जमिनीवर गिरणी उभी राहावी, कोठे घरे व्हावीत, कोठे मैदान राहावे, या निर्णयांना आज आपण भूवापर किंवा झोनिंग म्हणतो. विषय रुक्ष वाटतो. परंतु नकाशावर ओढलेली एक रेघ तीन-चार पिढ्यांचे आयुष्य ठरवू शकते. सोलापुरात तसे घडले.

३/ थोडी पार्श्वभूमी. १८५२ मध्ये सोलापुरात नगरपालिका स्थापन झाली. १८६० मध्ये रेल्वे आली. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांची ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल’ सुरू झाली. तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि पेठांचे गाव बघता बघता भोंग्याच्या तालावर जागे होणारे शहर झाले.

४/ पेठांच्या गावात कोण कोठे राहणार, हे जात, व्यवसाय आणि नातीगोती ठरवीत. शहराच्या पूर्व भागात तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची वस्ती वाढली, तीही याच रीतीने. त्या रचनेत अन्याय नव्हता असे मुळीच नाही. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी सोलापुरात एक निराळीच वस्ती आली. तिची जागा, तिचे कुंपण आणि तिचे रहिवासी, सारे सरकारी हुकमाने ठरले होते.

५/ त्या हुकमाचे मूळ १८७१ च्या ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’मध्ये आहे. सुताराच्या घरी सुतार जन्मतो, तसा काही जमातींच्या घरी गुन्हेगारच जन्मतो, अशी या कायद्यामागची धारणा. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित झाली की त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. आरोप, पुरावा, साक्ष यांची गरजच उरत नसे. जन्म हाच पुरावा.

६/ आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई व मद्रास इलाख्यांनाही लागू झाला. त्यात सरकारला औद्योगिक, शेतकी किंवा सुधारणा वसाहती स्थापून अधिसूचित जमातींना तेथे ठेवण्याचा अधिकार मिळाला. मुलांना आईवडिलांपासून वेगळे काढून शाळावजा वसतिगृहात ठेवण्याचीही मुभा होती. या वसाहतींचे सरकारी नाव ‘सेटलमेंट’.

७/ मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, गदग आणि सोलापूर येथे अशा वसाहती झाल्या. सोलापुरात कैकाडी, कंजारभाट, टकारी, पारधी इत्यादी समाजांची कुटुंबे आणली गेली. काही काळ वसाहतीचे व्यवस्थापन अमेरिकन मराठी मिशनकडे होते. भोवती तारेचे कुंपण, ठरलेल्या वेळी हजेरी आणि बाहेर पडायचे तर पास.

८/ आता यादीतील गावांकडे पुन्हा पाहा. हुबळीत रेल्वेचा कारखाना, गदगात कापडगिरणी, सोलापुरात तर गिरण्यांची रांगच. ही निवड योगायोगाची नव्हती. गिरणीला रोज वेळेवर येणारा, मध्येच गावी निघून न जाणारा मजूर हवा होता. सेटलमेंटकडे हजेरीपटावर बांधलेली माणसे होती. सुधारणेची भाषा आणि मजुरीची गरज एकाच जमिनीवर येऊन भेटली.

९/ येथे एक विलक्षण समकालीनता आहे. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचना कायदा झाला. हिंदुस्थानातील असा पहिला कायदा. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार हिंदुस्थानातील शहरे पायी हिंडून, जुन्या वस्त्या पाडू नका, हलक्या हाताने सुधारा, असे सांगत होते. हवा, उजेड, रुंद रस्ते ही नव्या शास्त्राची परिभाषा होती.

१०/ म्हणजे एकाच सरकारच्या एका खात्यात नागरिकांसाठी मोकळ्या हवेची आखणी चालली होती आणि दुसऱ्या खात्यात काही नागरिकांसाठी कुंपणाची. दोन्ही निर्णय जमिनीचेच. पहिल्याला आपण नगररचनेच्या इतिहासात स्थान देतो आणि दुसऱ्याला पोलिसी इतिहासात ढकलतो. माझ्या मते ही विभागणी चुकीची आहे.

११/ जगातही हे एकाकी उदाहरण नव्हते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने १९१० मध्ये गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कायद्याने वेगळ्या केल्या. १९१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तशा प्रकारचा लुईव्हिल शहराचा नियम रद्द ठरवला. दक्षिण आफ्रिकेचा ‘ग्रुप एरियाज ॲक्ट’ १९५० चा. आपल्याकडे मात्र १९११ पासूनच जन्मावरून वस्ती ठरवण्याची कायदेशीर सोय होती आणि न्यायालयाचे दारही बंद होते.

१२/ आता ‘फ्री’ या शब्दाकडे वळू. वसाहतीत दीर्घकाळ ‘चांगली वर्तणूक’ ठेवणाऱ्यांना कुंपणाबाहेर राहण्याची परवानगी मिळे. त्यांच्यासाठी सेटलमेंटला लागूनच ज्या वस्त्या वसवल्या, त्या ‘फ्री कॉलनी’. कुंपणाच्या आत बंदिस्त, कुंपणाच्या बाहेर ‘फ्री’. दोन्हींतील अंतर अगदी थोडे. माणूस मुक्त झाला तरी नजरेच्या टप्प्यात राहावा, अशी ती रचना.

१३/ या यंत्रणेचे एक प्रमुख अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट. सेटलमेंट खात्याचा कारभार त्यांच्याकडे होता. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीविषयी समिती नेमली, तिचे अध्यक्षही तेच. आणि सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. समितीच्या १९३० च्या अहवालानंतर मागासवर्गांसाठी स्वतंत्र खाते निर्माण झाले. कल्याणकारी खाते आणि कुंपणाचे खाते यांची मुळे अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. इतिहास सरळ रेषेत चालत नाही, तो असा.

१४/ स्वातंत्र्यानंतर मद्रास व मुंबई प्रांतांनी हा कायदा आधीच मोडीत काढला. अनंतशयनम् अय्यंगार समितीने देशभर चौकशी केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो संपूर्ण देशातून रद्द झाला. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. या जमाती पाच वर्षे सोळा दिवसांनी. म्हणून ३१ ऑगस्ट हा ‘विमुक्त दिन’.

१५/ पंडित नेहरू सोलापूरला आले आणि त्यांनी सेटलमेंटची तार स्वतः तोडली, ही आठवण विमुक्त समाजात आजही अभिमानाने सांगितली जाते. कायदा दिल्लीत रद्द झाला असला तरी लोकांच्या मनात स्वातंत्र्याचे चित्र राजपत्राचे नाही, तुटलेल्या तारेचे आहे. मौखिक इतिहासाचे मोल अशा ठिकाणी कळते.

१६/ परंतु तार तुटली म्हणजे रेघ पुसली, असे होत नाही. १९५२ च्या रद्दबातल कायद्यात घराखालील जमीन कोणाची, याविषयी काहीही नव्हते. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. जमातीवरचा शिक्का कागदावरून गेला, पोलिसांच्या नजरेतून गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हाही ती नजर कायम होती.

१७/ पत्त्याचेही तसेच. ‘सेटलमेंट’ हा शब्द उच्चारताच समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटणारा भाव अनेकांनी अनुभवला आहे. नोकरीच्या अर्जात, भाड्याच्या खोलीच्या चौकशीत, सोयरिकीच्या बोलण्यात पत्ता आधी पोहोचतो, माणूस मागाहून. शंभर वर्षांपूर्वीच्या भूवापराच्या निर्णयाचे हे आजचे मूल्य.

१८/ आज महाराष्ट्रात नगररचना १९६६ च्या कायद्याने चालते. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. ही प्रक्रिया अनेकांना कंटाळवाणी वाटते. पण सेटलमेंटमध्ये आणलेल्या एकाही कुटुंबाला हरकत नोंदवण्याची संधी मिळाली नव्हती, हे लक्षात घेतले की त्या कंटाळवाण्या नोटिशीची किंमत समजते.

१९/ म्हणून दोन विनंत्या. आपल्या शहराचा विकास आराखडा एकदा तरी उघडून पाहा. त्यात कोणाची वस्ती कोणत्या रंगात दाखवली आहे, ते वाचा. दुसरी विनंती ज्यांच्या आजी-आजोबांनी हजेरी दिली त्यांना: घरात जुना पास, दाखला, खोलीच्या ताब्याचा कागद असेल, तर लाजेने टाकून देऊ नका. ज्या कागदाने आजोबांना बांधले, तोच कागद नातवाच्या घरावरील हक्काचा पुरावा ठरू शकतो.

२०/ आणि वडीलधारी मंडळी सांगत असतील, तर त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. पत्त्यातील ‘फ्री’ हा शब्द ज्यांनी हजेरी देत देत कमावला, त्यांच्या तोंडून त्याचा अर्थ ऐकण्याची संधी फार दिवस राहणार नाही.

(धागा समाप्त. आपल्या गावात ‘सेटलमेंट’, ‘कॅम्प’, ‘लाइन’ अशी नावे असलेल्या वस्त्या असतील, तर त्यांचा इतिहास खाली जरूर लिहा.)